दक्षिणेचा पारवा

बायको गेली तेव्हा दहा दिवस दक्षिणेला वात करून दिवा ठेवला. दिवा उचलला, तरी अंधार पडला की माझी मान तिकडंच वळते. डोंगरावर तिथं पारवा नावाच्या नक्षत्राचे तारे आहेत, असं शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या. मला दोनच दिसले.

"बाकीचा पारवा उडाला वाटतं."

"आजोबा, रोखून बघू नका. जरा बाजूला बघा."

बघितलं, तर अंधूक अंधूक सगळा दिसला.

बायकोचा चेहरा आठवायला बसलो की येतच नाही. विसरलो की काय, याचीच भीती वाटते. आज आत येऊन दूध तापवायला ठेवलं आणि ते उतू गेलं. "लक्ष कुठंय तुमचं?" म्हणत ती चेहऱ्यासकट शेजारी उभी राहिली. मी दुधाकडंच बघत राहिलो.