पापनाशमची बस आणि विहीणबाईंची काळी साडी

तंजावूरकडे जाऊन हातमागाची रेशमी साडी घ्यायची तर कुठे जावं, काय बघावं, असं माझ्या नातीला, अनघाला, तिच्या मैत्रिणी सारखं विचारतात. ती मोबाइलमधून दुकानांची नावं काढून देते. मी म्हटलं, नावं राहू देत, मी सांगते ते लिही. माझा जन्म राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतला. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही, त्यामुळे मी सांगेन ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि बोटांनी चाचपलेलं असेल, कुठे वाचलेलं नसेल. तर मी बोलते, अनघा लिहिते. मध्येच काही शहाणपण आलंच, तर ते तिचं समजा.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा आमच्या गावात कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ उगवले होते, गच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबायला लागल्या होत्या आणि चहाच्या टपरीवरसुद्धा परदेशी कोला मिळत होता. माझी मुलगी मंदा, म्हणजे अनघाची आई, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत होती. तिला स्थळ आलं ते थेट पुण्याचं. आमच्या गल्लीतल्या मुली कुंभकोणमला जायच्या, त्रिचीला जायच्या, फार तर मद्रासला. पुणं ऐकून शेजारची अक्का म्हणाली, "अगं, तिथे मराठी बोलावं लागेल!" मी म्हटलं, "मग इतकी वर्षं तुझ्याशी काय बोलते आहे?"

एक दिवस होणाऱ्या विहीणबाईंचा, लीलाताईंचा, बूथवर फोन आला. "बस्ता तुमच्याकडेच बांधू. मी येते. खरं हातमागाचं रेशीम घेऊ. आणि हो, पहिल्या संक्रांतीची काळी साडीसुद्धा तिथेच विणायला टाकू."

काळी!

महाराष्ट्रातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पण आमचे पूर्वज राजांबरोबर दक्षिणेत आले ते हळदीकुंकू घेऊन आले, तिळगूळ घेऊन आले, आणि काळं लुगडं मात्र वाटेत कुठेतरी गळून पडलं. कावेरीच्या मुलखात नव्या नवरीच्या अंगावर कुणी काळं घालत नाही. माझ्या आजीनं नेसलं नाही, आईनं नाही. मी फोन ठेवला तर बूथवाला माझं तोंड बघून म्हणतो, "अम्मा, कुणी गेलं का?"

आता नाही म्हणावं तर विहीणबाई म्हणणार, हे लोक नावाचेच मराठी राहिले. आणि ते ऐकत मंदाला जन्म काढावा लागणार. हो म्हणावं तर माझ्याच हातानं लेकीला काळं द्यायचं. अशा वेळी मी नेहमी करते तेच केलं. "या तर खरं, मग बघू," म्हणाले.

लीलाताई मद्रासवरून सकाळच्या गाडीनं आल्या. भलामोठा होल्डॉल, बाकरवडीचा डबा, प्यायच्या पाण्याचा थर्मास. तंजावूरला पाणी नसतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. घरी आल्यावर मी डबऱ्यातून, म्हणजे पसरट पितळी वाटीतून, टंबलरमध्ये कॉफी लांब ओतून फेस काढून दिली. पहिल्या घोटालाच थर्मास टेबलाखाली गेला, तो त्या जाईपर्यंत वर आला नाही.

"तुमचं मराठी किती गोड हो," त्या म्हणाल्या. "अगदी जुन्या पोथीसारखं."

ही स्तुती की काय ते मला कळलं नाही. पोथी मी कधी उघडलेली नव्हती. मी आणखी एक इडली वाढली.

दुपारी बाजारात गेलो. तेव्हा नवीच दुकानं निघाली होती, काचेच्या दारांची, आत ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड. तुम्ही जाल तेव्हाही तसंच असेल, म्हणून सांगते: साडी उचला आणि सरळ रस्त्यावर या. दुकानदार हसू दे. विहीणबाईंनी पसंत केलेली पोपटी साडी उन्हात आणली तर ती झाली शेवाळी. मग साडी उलटी करून बघा. चांगल्या विणकराचं काम मागूनही लाजत नाही. काठ तळहातावर घ्या, जरीचा धागा खरा असेल तर वजन लागतं. आणि दुकानदार तयार असेल तर कडेचा एक धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर रेशीम. गोळी झाली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. त्या दिवशी आम्ही बरेच नमस्कार केले.

दुसऱ्या दिवशी विणकरांच्या गावी. तंजावूरहून कुंभकोणमच्या बसनं पापनाशमला उतरायचं. बसवरची पाटी वाचत बसू नका, कंडक्टरला विचारा; मी जन्मभर तसंच केलं आणि कधी चुकले नाही. तेव्हा तिकीट पदराच्या गाठीतल्या चिल्लरीत भागायचं. खिडकी उजवीकडची धरा. कालवे, भाताची खाचरं, नारळाच्या बागा, सायकलवर गवताचे भारे. लीलाताई अर्धा रस्ता "किती हिरवं, किती हिरवं" करत होत्या, उरलेला अर्धा झोपल्या, माझ्या खांद्यावर. मंदा पलीकडे बसून गालात हसत होती. "आई, अजून सांगितलं नाहीस त्यांना?"

"झोपलेल्या माणसाला काय सांगू?"

"जाग्या होत्या तेव्हा?"

"तेव्हा हिरवं बघत होत्या."

पापनाशमला स्टँडसमोर गरम वडा आणि कॉफी घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून गावची बस. गावाचं नाव मी सांगत नाही. पापनाशमला कुणालाही रेशमाच्या मागांचं विचारा, बोट दाखवतील.

गावात शिरलो आणि लीलाताई जागच्या जागी थांबल्या. अख्ख्या गल्लीच्या लांबीचे रेशमाचे उभे धागे ताणून ठेवलेले, लाल, हळदी, मोरपंखी. दोन्ही बाजूंनी बायकापुरुष हात फिरवत, तुटलेले धागे जोडत चाललेले. साडीचा उभा ताणा असा सकाळी गल्लीत पसरतात. एका घरचा ताणा असला तरी हात सगळ्या गल्लीचे लागतात. आडवा बाणा मात्र घरातच कांडीवर गुंडाळतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या घरच्या साड्या वरदन विणायचा. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, कपाळावर विभूती. मागावर नुकताच चढवलेला लाल ताणा होता. मी मधे बसले, कारण त्याला मराठी येत नव्हतं आणि विहीणबाईंना तमिळ.

"सांगा त्यांना," लीलाताई म्हणाल्या, "काळी हवी. लाल काठ, जर बारीक."

मी सांगितलं. वरदनचे पाय थांबले. "काळी कुणाला?"

"नव्या नवरीला."

"अम्मा, ही सासू आहे की वैरीण?"

"काय म्हणाले?" लीलाताईंनी विचारलं.

"काळं रेशीम संपलंय म्हणतात."

मंदानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"संपलं तर रंगवून घ्या म्हणावं! एवढं नाव ऐकून आले आणि साधा काळा रंग नाही? आमच्या येवल्याला सांगितलं की हां हां म्हणता विणून देतात."

मी वरदनला सांगितलं, "बाई म्हणतात, तुझ्या कामापुढे देवळाचं शिखरसुद्धा बुटकं."

वरदन विरघळला. हात जोडून लांबलचक बोलला. मोर विणीन, हंस विणीन, कोयरी विणीन. पण काळा ताणा गल्लीत पसरायला सांगू नका. येणारा-जाणारा विचारील, वरदनाच्या घरात कोण गेलं? बायको घरात घेणार नाही मला.

"काय म्हणतात?"

"पावसाळी हवेत काळा रंग धरत नाही म्हणतात."

लीलाताईंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर ऊन असं की गल्लीतलं रेशीम डोळ्यांना टोचत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विहीणबाई," त्या सावकाश म्हणाल्या, "तो माणूस एवढा बोलला आणि तुमच्या तोंडून निघालं एवढंसं. खरं सांगा. काळी त्याला नकोय की तुम्हाला?"

मंदाचं हसू थांबलं. 

"मला," मी म्हटलं. "त्यालाही नकोय, पण मला आधी. तुमची रीत मला ठाऊक आहे. आमचीही असेल कधीकाळी. पण इथे काळं म्हणजे काय, ते मी लहानपणापासून बघत आले. मंदाला काळं द्यायला माझा हात उचलत नाही. आता तुम्ही आम्हाला मराठी म्हणा की मद्रासी म्हणा."

मला वाटलं, झालं. मोडलं लग्न. लीलाताई दारातल्या ओट्यावर बसल्या, पदरानं मान पुसली.

"मला दोन्ही मुलगेच," त्या म्हणाल्या. "हलव्याचे दागिने करायला माझ्या सासूनं शिकवले. शेगडीपुढे बसून साखरेच्या एकेका दाण्याला काटे आणायचे. हार, बांगड्या, बिंदी, सगळं येतं मला. घालायला घरात पोर नाही. शेजारपाजारच्या सुनांना करून देते. पांढरा हलवा काळ्यावरच उठून दिसतो हो. लाल-हिरव्यावर हरवून जातो. म्हणून काळी. मी कशाला वाईट चिंतीन पोरीचं?"

हे मी वरदनला जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं भाषांतर. साखरेचे दागिने ऐकून आतून त्याची बायकोसुद्धा बाहेर आली. "मुंग्या लागत नाहीत?" एवढंच तिनं विचारलं.

मग मंदा बोलली. "नेसायची मला आहे. कुणी विचारलंत मला?"

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं.

तिनं मागावरच्या लाल धाग्यांवर हात ठेवला आणि वरदनला म्हणाली, "अण्णा, ताणा हाच राहू दे. लाल. गल्लीनं लालच पाहिला. बाणा काळा घाल. तो घरातच गुंडाळतोस ना? गल्ली कशाला बघायला येते?"

वरदननं डोकं खाजवलं. बायकोकडे पाहिलं. तिनं आत जाऊन मोराच्या डोळ्यांसाठी ठेवलेल्या काळ्या रेशमाची एक कांडी आणून त्याच्या हातावर ठेवली. म्हणजे घरातल्या हायकोर्टाचा निकाल लागला. धोटा इकडून तिकडे धावायला लागला. बोटभर कापड झाल्यावर आम्ही वाकून पाहिलं. काळंभोर. मग त्यानं खालून हात घालून ते जरा उचललं, दारातलं ऊन त्यावर पडलं, आणि आतून लाल असं पेटलं, जसा निखारा वरची राख फुंकल्यावर पेटतो.

"काळीच आहे," लीलाताई म्हणाल्या.

"लालच की," वरदन म्हणाला.

मी दोघांनाही सांगितलं की समोरचा तुमचंच म्हणणं म्हणतोय. मंदानं कपाळाला हात लावला.

विणायला टाकलेल्या साडीची वाट बघायची तयारी ठेवा. माग कुणाच्या मुहूर्ताला धावत नाही. घाई असेल तर ती काचेची दुकानं आहेतच.

परतीच्या बसमध्ये लीलाताई झोपल्या नाहीत. वरदन खरं काय काय म्हणाला, ते त्यांनी माझ्याकडून एकेक करून काढून घेतलं. "वैरीण" ऐकून त्या इतक्या हसल्या की कंडक्टरनं वळून पाहिलं.

लग्न झालं. पहिल्या संक्रांतीला मी पुण्याला आले, तेव्हा थंडीनं माझे गुडघे तमिळमध्ये बोलत होते. मंदा ती साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून बसली. लीलाताईंनी कितीतरी दिवस शेगडीपुढे घालवलेले दिसत होते. एकेक दाणा चांदणीसारखा. घरभर बायका. मंदा वाण द्यायला खिडकीशी गेली आणि एक बाई म्हणाली, "अय्या, ही कसली काळी? ही तर लाल मारतेय!"

लीलाताईंनी तबक खालीसुद्धा ठेवलं नाही.

"तंजावूरची काळी अशीच असते," त्या म्हणाल्या. "पूर्वापार. राजघराण्यातली रीत आहे त्यांच्याकडची."

आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. अशी सराईत थाप मी पण मारली नसती.

आता मी मंदाकडेच असते, पुण्यात. लीलाताई गेल्या, वरदनही गेला. त्याच्या गल्लीत आता सकाळी एखाददुसराच ताणा दिसतो म्हणतात, म्हणून जायचं तर लवकर जा. मला त्या प्रवासातलं काय राहिलं विचाराल, तर खांद्यावर झोपलेल्या विहीणबाईंचं वजन राहिलं. आणि ही साडी, घडीवर थोडी विरलेली. यंदाची संक्रांत अनघाची लग्नानंतरची पहिली आहे. दागिने मंदा करणार, सासूकडून शिकली ती.

अनघाचा नवरा बेंगळुरूचा. परवा त्याच्या आईनं साडी हातात घेऊन जरा घाबरतच विचारलं, "ही काळी आहे का हो?"

मी म्हटलं, "छे! खिडकीत घेऊन बघा."