गंगेकडच्या गल्लीतला कठडा

तिरडी कठड्यापाशी येऊन थांबली, तेव्हा काँक्रीट ओलंच होतं.

भांडीबाजारातून गंगेवर उतरणारी ही गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांसाठी करायची, असं ठरलं होतं. काम आमच्या गँगकडे. मी मुकादम. गल्लीच्या तोंडाशी दोन अर्धे कठडे एकापुढे एक, एक डाव्या भिंतीला आणि एक उजव्या, असे लावायचे, की माणूस वळसा घेऊन आत जाईल, पण स्कूटर वळणार नाही. याला नागमोडी गेट म्हणतात. सकाळीच आम्ही ते उभं केलं. दुपारी इंजिनियर मॅडम बघायला येणार होत्या. काम पसंत पडलं तर पुढची गल्लीही आम्हाला, नाहीतर दुसऱ्या गँगला.

गेटमधून माणूस वळत होता. तिरडी कशी वळणार? लांब, सरळ बांबू.

मडकं धरलेला मुलगा पुढे होता. तो म्हणाला, "हे काय लावून ठेवलंय?"

मागून कोणीतरी बोललं, "वरून द्या ना पलीकडे."

"बाप आहे माझा. पोतं नाही."

खाली ठेवता येईना, कारण विसाव्याची जागा पुढे पाराजवळ. मागे फिरवायची तर पद्धतच नाही. खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले होते. एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. तेव्हा फुटला.

"रशीदभाई, आतला कठडा उपटा."

रशीदभाई आमचे वेल्डर. ते हळूच म्हणाले, "ताई, मॅडम येतीलच आता. पुढची गल्ली जाईल हातची."

"जाऊ द्या. उपटा."

तिघांनी हलवून हलवून काढला. तिरडी सरळ गेली. रशीदभाईंनी हात पुसले आणि पारापर्यंत खांदा दिला.

ते परत येईतो मॅडम हजर.

"गेट कोणी काढलं?"

"मी काढायला लावलं."

तेवढ्यात एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत आमच्या मधूनच आत शिरला. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मी झालं ते सांगितलं.

त्यांनी ड्रॉइंग उलगडलं. त्यात गेटमधून एक माणूस जात होता, हातात पिशवी.

"हे ड्रॉइंग मीच काढलंय," त्या म्हणाल्या. "रोज याच गल्लीतून जाते मी. तरी सुचलं नाही."

"आम्ही तरी सकाळपासून तेच लावत होतो ना, मॅडम."

रशीदभाई म्हणाले, "आतल्या कठड्याला बिजागरी बसवतो. दारासारखा उघडेल. एरवी कुलूप."

"आणि कुलपाची किल्ली?" मॅडमनी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे," मी म्हणाले. "हार तिथूनच जातो. कोण गेलं ते त्याला सगळ्यात आधी कळतं."

मॅडमना हसू आलं. "करा तसंच. पुढच्या गल्लीलाही असाच लावा."

पुढची गल्लीही आम्हीच केली. फुलवाला किल्ली पैशांच्या गल्ल्यात ठेवतो आणि मागायला आलेल्याला आधी हाराचं विचारतो.

चालणाऱ्यांसाठी रस्ता करताना चालणारा एकटाच असतो, असं धरू नये. तो स्वतःच्या पायांनी जात असतो, असंही धरू नये.