टोक माझ्याकडे, दोर दादाकडे

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांत मासे मारायच्या भाल्याची वाटणी झाली. वाटणी चोख झाली. लोखंडी टोक माझ्याकडे आलं, बांबूची काठी आणि दोर दादाकडे गेला.

हसू नका. तो भाला होताच तसा, वाटणीला सोयीचा. साध्या भाल्याचं टोक काठीला कायमचं ठोकलेलं असतं. वडिलांच्या भाल्याचं टोक काठीवर नुसतं खोचलेलं असायचं आणि टोकाच्या कडीला लांब दोर बांधलेला. उन्हाळ्यात तळं आटलं की आम्ही मरळ मारायला जायचो. टोक माशाला लागलं की काठी सुटून पाण्यावर तरंगायची, टोकाचे उलटे काटे माशात रुतून बसायचे, आणि दोर धरणारा माणूस मासा ओढून काठावर आणायचा. काम दोघांचं. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं दोर धरायचा.

आता माझी तक्रार ऐका. वडील धडधाकट होते तोवर वडील फेकायचे. ते थकल्यावर दादा फेकायला लागला. आणि दोर? दोर मी! चड्डीत होतो तेव्हा मी, मिसरूड फुटलं तेव्हा मी, लग्न झालं तेव्हाही मी. गुडघाभर चिखलात, हाताची सालटी निघेपर्यंत. मासा घरी आला की आई विचारायची, "कोणं मारला रे?" दादा छाती पुढं काढून उभा राहायचा. "दोर कोणं धरला?" हा प्रश्न आमच्या घरात कोणीही, कधीही विचारला नाही!

म्हणून वाटणीच्या दिवशी मी टोक मागितलं. घर आणि शेत यांचा निकाल चहा निवायच्या आत लागला होता. भाल्यावर अख्खी दुपार गेली.

"लहान्या," दादा म्हणाला, "टोक नेऊन काय करशीन? काठी तं माह्यापाशी हाय."

"तू काठी ठेवून काय करशीन? टोक तं माह्यापाशी हाय!"

"मंग मासे कसे मारतं?"

"तुले कायले पाह्यजे? माहं मी पाहीन!"

त्या दिवसापासून आठ वर्षं आमच्या घराण्यात एकही मासा मेला नाही आणि आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. सौदा मीच जिंकला होता. लोखंड ते लोखंड, बांबू तो बांबू!

दादा गावातच राहिला; मी तरुणपणीच तालुक्याला, घाटंजीत आलो तो सायकलला नळाच्या तोट्यांची पिशवी अडकवून. आज तिथं माझं पाईपांचं दुकान आहे आणि दुकानामागं दुमजली घर आहे. वरचा मजला मी मुलीसाठी बांधला. ती पुण्याला राहते आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर वरचा मजला बघते. (मीच फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो. "पंखा बदलला का बाबा?" "नाही." मग खाली येतो.) बायको गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. माणूस एकटा पडला की काय काय अडतं हे आधी कळत नाही. जेवणाचं एवढं काही नाही, भात लावता येतो. पण चादर! दोन टोकं आपण धरली की उरलेली दोन जमिनीवर लोळतात. मी चादरीच्या घड्या घालणं सोडून दिलंय, नुसत्या गुंडाळून फेकतो.

आणि बोलायला कोणी नाही, म्हणून मी भावात घासाघीस करतो. आठवडी बाजारात मूठभर भेंडीसाठी मी अर्धा तास उभा राहतो. परवा एक भाजीवाली हात जोडून म्हणाली, "काका, फुकट न्या, पण जा बाप्पा आता!" मी नेली नाही. फुकट घेतली असती तर बोलणंच संपलं असतं.

तर एका दुपारी यवतमाळचे एक प्राध्यापक नळाचं वायसर घ्यायला दुकानात आले. गल्ल्यामागच्या भिंतीवर मी वडिलांच्या भाल्याचं टोक ठोकलं होतं, त्याच्या काट्यांना किल्ल्या अडकवायचो. ते बघून प्राध्यापकांचे डोळे मोठे झाले.

"शेठजी, हे तर हार्पून आहे!"

"विकायचं नाही," मी सवयीनं म्हणालो.

त्यांना घ्यायचं नव्हतंच. त्यांना सांगायचं होतं, आणि मला (खोटं कशाला बोलू) कोणीतरी बसून बोलतंय हेच हवं होतं. मी चहा मागवला. ते सांगत होते, की अशी टोकं माणूस हाडाची आणि शिंगाची करत होता तेव्हा त्याला लोखंड माहीतही नव्हतं. बर्फाच्या मुलखातले लोक असल्या भाल्यांनी सील मारत. पुढं जहाजं घेऊन लोक देवमाशांमागं लागले. टोक रुतलं की देवमासा अख्खी होडी, माणसांसकट, समुद्रातून फरफटत न्यायचा. काही लोक दोराच्या दुसऱ्या टोकाला कातड्याचा हवा भरलेला फुगा बांधत, म्हणजे तो ओढून ओढून जनावर दमावं.

"आणि त्या होडीत दोर कोण धरायचं?" मी विचारलं.

"असेल कोणीतरी खलाशी. त्याचं नाव कोण लिहून ठेवणार?"

म्हणजे हा अन्याय जागतिक होता!

"पण गंमत सांगू का," जाता जाता ते म्हणाले, "टोकदार काठी कोणीही करील. हार्पूनची खरी अक्कल दोरात आहे."

वायसरच्या किमतीत मी त्यांना एक पैसा सोडला नाही. आठ वर्षं ज्या सौद्याच्या जोरावर ताठ मानेनं फिरलो, त्यात अक्कल दादाकडे गेली होती आणि माझ्या वाट्याला किल्ल्या अडकवायचा खिळा आला होता!

रात्रभर तळमळलो. सकाळी उठल्यावर डोक्यात आलं, की दोर तर माझ्या दुकानात गुंडाळ्यांनी पडलाय. काठीचं काय? पाईप आहे! करड्या रंगाचा प्लास्टिकचा पाईप मापात कापला, टोक त्यावर खोचलं, नायलॉनचा दोर बांधला. (दोर जरा आखूड कापला. मालाची नासाडी मला बघवत नाही.) दादाच्या काठीवाचून, दादाच्या दोरावाचून मी एकटा मरळ मारणार होतो आणि ती हातात धरून दादाच्या दारावरून चालत जाणार होतो. एवढंच हवं होतं मला. त्यानं ओट्यावरून बघावं आणि विचारावं, "लहान्या, कोणं मारला?"

दोर धरायला माणूस नव्हता, म्हणून फुगा म्हणून पाण्याची मोठी रिकामी कॅन मोटरसायकलला बांधली. गावाच्या फाट्यावर एकानं हात केला.

"शेठ, कॅन द्याची का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण त्यानं भाव विचारला हो! आणि भाव विचारल्यावर मी गप्प कसा बसणार? बाभळीखाली आमची घासाघीस रंगात आली, आणि मी असा चढा भाव वसूल केला की तो माणूस रडकुंडीला आला. मी शीळ घालत तळ्यावर पोचलो आणि तिथं लक्षात आलं, की फुगा विकला.

आटलेल्या तळ्याच्या काठावर महादू बुढा शेळ्या चारत होता. माझ्या हातातल्या पाईपाकडे त्यानं टक लावून बघितलं.

"शेठ, मासे माराले आले का नळयोजना कराले?"

"मासे!"

"दोर कोण धरते मंग?"

अख्ख्या जगात हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला, तो नेमका त्या दिवशी! झाड जवळ नव्हतं. होतं तिथवर दोर पुरत नव्हता. मी दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. जन्म पाईप जोडण्यात गेलाय, माझी गाठ सुटत नाही.

"शेठ, कंबरीले नोका बांधू."

"तू शेळ्या पाय!"

मी चिखलातून पुढं सरकलो. ऊन उतरत होतं. आणि दिसली! काळीभोर, माझ्या हाताएवढी लांब, पाण्याच्या वरच्या अंगाला संथ डुलत असलेली मरळ. अशी मरळ दादाच्या बापानंही पाहिली नसेल. (म्हणजे आमच्याच.) श्वास रोखला, वडील करायचे तसा डावा पाय पुढं टाकला आणि फेकला.

लागला! आयुष्यातला पहिला नेम, आणि खच्चकन लागला! पाईप सुटून तरंगला, दोर ताणला, काटे रुतले. सगळं प्राध्यापकांनी सांगितलं तसं झालं. मी ओरडलो, "महादू, मरळ!"

महादू शांतपणे म्हणाला, "लोढणं हाय थे."

पळणाऱ्या गुरांच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, ते लोढणं. लाकूड पाण्यावर तरंगतं. आणि ते ज्याच्या गळ्यात असतं ते खाली पाण्यात, नाकपुड्या तेवढ्या वर काढून, निवांत बसलेलं असतं. आता ते उठलं. तळ्यातून आधी शिंगं आली, मग पाठ, मग पुन्हा पाठ. मला वाटलं ही संपतच नाही! घाटंजी तालुक्यात देवमासा निघाला, आणि तो मला बांधलेला होता.

म्हशीनं मागं वळून माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर ती घराकडे निघाली. आधी चालत, मग पळत. लोढणं जनावरानं पळू नये म्हणून असतं असं ज्यानं ठरवलं, त्याला मला एकदा भेटायचंय! तिच्या गळ्यात आता दोन लोढणी होती, एक पुढं लाकडाचं आणि एक मागं पाईपवाल्या शेठचं, तरी तिच्या चालीत फरक नव्हता. चिखलातून मी पोटावर गेलो, तळ्याच्या बांधावर गुडघ्यांवर चढलो, पलीकडच्या उतारावर दोन पायांवर उभा राहिलो तो पळायलाच. एक चप्पल तळ्याला दिली. गाठ सोडायला बोटं घातली तर ती ओढीनं आणखी घट्ट झालेली. गावात पानठेल्यावर चार माणसं बसली होती.

"राम राम शेठ! कोनीकडे?"

"मले काय विचारता? इले विचारा!"

"थांबा ना, चहा घ्या!"

"इले थांबवा मंग!"

कोणी थांबवली नाही. म्हैस दोन वळणं वळली, एका फाटकातून आत गेली आणि गव्हाणीत तोंड घालून कडबा खायला लागली. मी अंगणात पालथा पडलो होतो. समोर ओटा होता, ओट्यावर बाज होती, आणि बाजेवर दादा होता.

आठ वर्षांत तो म्हातारा झाला होता. डोळ्यांवर जाड भिंगं होती, तरी हात कपाळाला लावून बघत होता. "कोण आलं वं?"

वहिनी दारात आल्या. "तुमचे भाऊ आले."

"एकटा?"

"नाई. म्हशीसंगं."

दादा चाचपडत खाली उतरला. मला वाटलं हसेल. मी तोंडात दोन-चार शिव्या तयार ठेवल्या होत्या. पण तो माझ्या कमरेच्या दोराला हात लावत लावत म्हशीपर्यंत गेला, लोढण्यावरून बोटं फिरवली आणि टोकाशी थांबला.

"बाबाचं टोक हाय हे."

"माहं हाय," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"फेकलं कोणं?"

"म्या!"

"आन् दोर कोणं धरला?"

मी कमरेची गाठ चाचपली. मग म्हणालो, "म्याच."

"मंग असंच होते, लहान्या," दादा म्हणाला, आणि गाठ सोडवायला माझ्याजवळ मांडी घालून बसला. त्याला दिसत नव्हतं आणि मला वाकता येत नव्हतं. तरी मी दोर ढिला धरला आणि त्यानं गाठ सोडली.

आता तुम्हाला वाटेल, आम्ही गळ्यात गळा घालून रडलो. छे! उठून बसताच मी म्हणालो, "टोक काढून दे. मले दुकान हाय."

उलटे काटे लाकडात पुरते रुतले होते. ओढून निघेना, ठोकून निघेना. मी कुऱ्हाड मागितली.

"लोढणं फोडाचं नाई," दादा म्हणाला. "लोढणं माहं हाय."

"टोक माहं हाय!"

"टोक ने ना मंग. लोढण्याले हात लावू नको."

"लोढणं फोडल्याबिगर टोक कसं निघीन?"

"तुले कायले पाह्यजे? तुहं तू पाहाय!"

पुन्हा तीच दुपार! मी तावातावानं त्याला अर्धं लोढणं विकत मागितलं. त्यानं अर्धं टोक मागितलं. अंधार पडला तरी आमचा आवाज पलीकडच्या गल्लीत जात होता. शेवटी वहिनींनी दोघांच्या पुढ्यात ताटं आदळली.

"भाऊजी, माल काई पळून नाई जात. जेवा आदी. आन् तुमीई जेवा, कव्हापासून कोणाशी भांडले नाई तं तोंड कोमेजलं तुमचं."

पिठलं-भाकरी होती. मी दोनदा वाढून घेतलं.

वाद मिटलेला नाही. म्हशीच्या गळ्यात नवं लोढणं आलं. जुनं, माझ्या टोकासकट, दादाच्या ओट्यावर टांगलंय. माझा माल परक्याच्या ताब्यात आहे म्हटल्यावर दर रविवारी जाऊन तपासावा लागतो. मुलीला व्हिडिओ कॉल आता तिथूनच लावतो. ती लोढणं बघते, काकाला हाक मारते, काका फोन कानाला लावतो आणि तिला त्याचा कान दिसतो. परवा वहिनींनी चादरी वाळत घातल्या होत्या. काढताना दोन टोकं त्यांनी माझ्या हातात दिली आणि घड्या झाल्या. मला मुद्दाम धरायला लावलं म्हणून मी घरी येईपर्यंत चिडलेलो होतो.

बाकी सौद्यात मी आजवर कोणाला हार गेलेलो नाही. एकदाच गेलो, त्या म्हशीला. तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही, भाव केला नाही, आणि आठ वर्षं मी जिथं जात नव्हतो तिथं मला फुकटात नेऊन टाकलं.