झाकणाचा दगड

कुंडात पडून कुजलेली बकरी आयव्ही हार्कनेसने दोरीने बाहेर ओढली, त्या मंगळवारी तिचं डोकंच फिरलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींच्या त्या कोरड्या पट्ट्यात खडकातलं ते एकच कुंड बारमाही. आयव्हीच्या लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. पाणी घेतलं की तोंडावर सपाट दगड सरकवायचा, हा त्यांचा नियम. मग जनावर पडत नाही, उन्हाने पाणी आटत नाही. सोनं शोधायला आलेल्या गोऱ्यांपैकी एक जण तापाने मेला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी तोच दगड उचलून थडग्यावर उभा केला. वर कोरलं काय, तर ‘हे पाणी याने शोधले’! आयव्हीची पणजी तेव्हा तिथेच पाणी भरत होती. ती काय त्यांना दिसली नाही?

आयव्हीने तीस वर्षं इस्पितळात चादरी धुतल्या, तीन मुलं वाढवली आणि दर रविवारी कुंड साफ करून वर फांद्या रचल्या. दगड तिने स्वतः आणला नाही, कारण तिच्या लोकांत मेलेल्याच्या वस्तूला हात लावत नाहीत. ज्यांनी नेला त्यांच्याच माणसांनी परत ठेवावा, एवढंच तिचं मागणं.

बकरी पुरून ती तडक थडगी सांभाळणाऱ्या समितीच्या कचेरीत गेली.

“आयव्हीबाई, नोंद झालेलं थडगं आहे,” अध्यक्ष ट्रेगिअर म्हणाले. “हलवता नाही येत.”

“आणि आमचं झाकण पळवलंत, त्याची नोंद कुठंय?”

“चिडू नका हो. झाकणच हवंय ना? देतो की.”

दिलं. महिन्याभरात कुंडावर लोखंडी जाळी बसली, कुलपासकट. किल्ली कचेरीत, नऊ ते चार, वहीत सही करून न्यायची. स्वतःच्या पाण्यासाठी सही! मेल्यांना लाज कशी वाटली नाही?

आयव्हीने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती घरी आली, पहार काढली आणि भाची रोवेनाला गाडी काढायला लावली. ही जाळी काही मेलेल्याची नव्हती.

कुंडाशी पोचल्यावर रोवेना घाबरली. “मावशी, पोलीस येतील गं.”

“येऊ देत.” आयव्हीने पहार कुलपात घातली. “उन्हातून येतील बिचारे, पाणी पाजीन. आणि कुणाचं पाणी पितायत, तेही सांगेन.”