देवीच्या नथीचा तपास

“बांधा त्याला दीपमाळेला! आईची नथ खाल्ली मुडद्यानं!”

ती आरोळी आजही माझ्या कानात आहे. बहात्तरचा दुष्काळ सरून पहिली बरी सुगी आलेली. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या शिवेजवळ, देवीचं पुरातन हेमाडपंती देऊळ आहे. तो भाग माझ्या ठाण्याचा, मी फौजदार. जीपमधून उतरतो तो काय, अख्खा गाव म्हाताऱ्या गुरवावर तुटून पडलेला. मी एकच हाक दिली. शिखरावरची कबुतरं जी उडाली ती थेट विजापुरात उतरली म्हणतात. गर्दीही पांगली.

पंचनामा केला. गाभाऱ्याचं कुलूप शाबूत, देवीचे चांदीचे डोळे जागेवर. फक्त नथ नाही. आणि नथ तरी केवढी! बैलाला घातली असती तर बैल मान वर करता ना.

पाटील म्हणाले, “साहेब, आज नथ गावली न्हाय तर ह्येची पूजा बंद. पिढ्यान्‌पिढ्याची असंना का.”

चोराला दम द्यावा, भेदरलेल्याला चहा. गुरवाला ओवरीत बसवून चहा दिला. “काल सकाळपासून काय काय केलंस, ओळीनं सांग.”

“पूजा केली. आईचं लुगडं बदललं. उतरलेलं लुगडं, एक बाई ओटी भराय आलीवती, तिला परसाद म्हनून दिलं.”

“आधी नथ काढतोस की लुगडं?”

“नथ काडतच न्हाय, साहेब. पदर वरनं वडून घेतो, अन्‌...” म्हाताऱ्याचा हात आपसूक स्वतःच्या नाकाकडं गेला. मी टोपी डोक्यावर चढवली.

बाहेर टांगेवाला चाचा कान लावून उभाच होता. “साब, वो बाई मेरेच टांगे में थी. रस्ताभर लुगडा छाती से लगाके हँसती बी थी, रोती बी थी.”

त्याच टांग्यातून शेजारचं गाव गाठलं. बाईच्या देव्हाऱ्यात नथ उघड्यावर, वर हळदकुंकू.

“चोरलीस?” मी गरजलो.

“चोरीन कशाला? पोरीचं लगीन हाय, नाकात घालाय काय न्हाय, तूच बघ, असं आईला म्हनले. लुगड्याच्या घडीत नथ निगाली. मी मागितली, तिनं दिली. मदी तुमी कोन?”

दरोडेखोरांच्या टोळ्या मी नुसत्या डोळ्यांनी बसवल्या आहेत; त्या बाईपुढं मात्र टोपी काढून हातात घेतली. म्हणालो, “बाई, तिनं दिली हे खरं. पण त्यापायी गुरवाची पूजा सुटायची वेळ आलीय.”

बाईनं लेकीकडं पाहिलं, नथ पदरात बांधली आणि टांग्यात चढून बसली. “मग ह्ये आदी सांगायचं की!”

नथ देवीला परत मिळाली, गुरवाची पूजा राहिली, आणि बाईची गोष्ट ऐकून पाटलांनाही पाझर फुटला. लग्न देवळाच्या पटांगणातच लागलं. अक्षता पडेपर्यंत देवीची नथ नवरीच्या नाकात, वजन पेलायला दोरा केसात बांधलेला, आणि दोन्ही बाजूंना माझे शिपाई. नथीला बंदोबस्त देणारा फौजदार महाराष्ट्रात मी एकटाच.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. वस्तू हरवली म्हणजे चोरीच, असं धरून निघालं की चोर सापडतोच. वस्तू मात्र सापडत नाही. जेवणाच्या पंगतीत मी गुरवाला हे तत्त्व बुंदी संपेपर्यंत समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “व्हय साहेब. आता लुगडं झटकून देतो.”