विमानतळावर राहिलेली बापूची बाटली

या गं बायांनो, या रे लेकरांनो, जरा जवळ सरका. आणि ते पाठीवर पडून, मोबाईल नाकावर धरून वाचणं आधी बंद करा. डोळे गेल्यावर मग म्हणाल, अक्का बोलली नाही.

इथं ग्रुपवर तुमचे चकवे, हडळी रोज वाचते अन् हसते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. चाळीस वर्षं शेतात एकटी गेले-आले, कुत्र्यांशिवाय काही आडवं आलं नाही. पण मागच्या वर्षीचं एवढं एक... ते काही केल्या उलगडत नाही.

मी सेलूची. धाकटा भाऊ बापू आमच्या माहेरी, ताडकळसला शेती बघतो. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. जवानीत त्याच्या कपाटात एक बाटली सापडली होती, ती मी त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली. मी लेकीकडं अमेरिकेला होते तेव्हा फोनवर म्हणतो कसा, "अक्का, माझी एक मोरीत घातलीस, आता एक विमानातून आण. तुझ्या हातची दवा पिऊ दे एकदा!" आमच्याकडं बायामाणसांसमोर दारू म्हणत नाहीत, दवा म्हणतात.

"थोबाडीत आणते तुझ्या," मी म्हणलं. पण मनात होतं, न्यावी. लेकीनं बजावलं, "आई, ड्यूटी फ्रीवाले बाटली पिशवीत सील करून देतात, पावती पण आतच ठेवतात. मध्ये विमान बदलताना पुन्हा तपासणी होते. घरी जाईपर्यंत पिशवी फोडायची नाही. फोडली की गेली बाटली."

परतीला चार दिवस राहिले होते अन् वैनीचा फोन आला. बापूला न्यूमोनिया. परभणीच्या दवाखान्यात नळ्या लावल्यात, शुद्ध नाही. लेकीनं तिकीट अलीकडचं करून दिलं. एकटीच निघाले. विमानतळावर त्या ड्यूटी फ्रीच्या दुकानापुढं पाय अडखळले. शुद्ध नसलेल्या माणसाला बाटली कशाला? पण नाही घेतली तर तो गेला असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. घेतली. अन् मनाशी गाठ मारली — बाटली ताडकळसला पोचली तर माझा बापू वाचला.

विमानात मांडीवर घेऊन बसले होते. पर्समध्ये गावच्या मारुतीचा अंगारा होता. वाटलं, लावावा. आता अंगारा वस्तूला लागला पाहिजे का नाही? प्लास्टिकला लावून काय उपयोग! लेकीचं बोलणं त्या घडीला डोक्यातून पार गेलं. टर्रकन पिशवी फाडली अन् बुचाला बोट टेकवलं. दारूच्या बाटलीला मारुतीचा अंगारा! हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

सकाळी आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरले. तिथून हैदराबादचं विमान होतं. तपासणीला उभी राहिले, चपला काढून ट्रेमध्ये ठेवल्या. तिथला माणूस हिंदी बोलणारा होता. त्यानं फाटकी पिशवी वर धरली.

"अम्मा, ये तो खुली है. नहीं जा सकती."

"साब, भाई की दवा है."

"ये दवा है?" त्याला हसू आवरेना.

"हमारे गाँव में इसकोच दवा बोलते. भाई बहुत बीमार है, साब. जाने दो ना."

त्याचं हसू थांबलं. बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कानून है, अम्मा," म्हणला अन् बाटली बाजूच्या निळ्या डब्यात ठेवली. मी तपासणीच्या चौकटीतून पलीकडं गेले, तर हा माझ्या मागं बघून हात आडवा करून म्हणला, "चाचा, आप रुको. आप इधरीच रुको."

मी मागं वळले. मागं कुणीच नव्हतं. माझ्यानंतरची एक गोरी बाई चांगली पाच-सहा हातांवर होती, ट्रेमध्ये लॅपटॉप ठेवत होती. म्हणलं, असेल कुणी. माझं ध्यान कुठं होतं? बाटली गेली म्हणजे बापू गेला, एवढंच कळत होतं. हैदराबादपर्यंत रडले. फोनचं कार्ड चालत नव्हतं, कुणाला काही सांगितलं नाही. रात्रभर रेल्वेत कुणाशी बोलले नाही.

परभणीला उतरून थेट दवाखान्यात. दारात वैनी. मला वाटलं, आता गळ्यात पडती. तर म्हणली, "वन्सं, काल सकाळी डॉक्टरांची फेरी चालू होती अन् डोळे उघडले बघा! डॉक्टरनं तर आशा सोडली होती."

बापू उशीला टेकून बसला होता. हाताची नुसती काडी झालेली. मला बघून म्हणला, "अक्का, फेकली ना त्यानं? निळ्या डब्यात?"

मी पर्स खाली ठेवून त्याच्याजवळ सरकले.

"फरशी लय गार होती. माझ्या पायात तर काहीच न्हाई. तुला हाका मारायलो, तू ऐकंना. तू त्या चौकटीतून पल्याड गेलीस अन् मला तो म्हणला, चाचा, रुको. मग काय... रुकलो."

बापूनं विमान नुसतं वर आभाळात बघितलंय. लेक म्हणते, आई, तूच आधी कधी फोनवर सांगितलं असशील. काय सांगितलं असेन? डबा निळा असतो हे आधी मला तरी कुठं ठाऊक होतं? डॉक्टर म्हणले, तापात भास होतात. भास त्याला झाला असेल, पण त्या तपासणीवाल्यानं हात कुणाला आडवा केला? दिवसाढवळ्या, शंभर माणसांत?

आता बापू चांगला हिंडतो-फिरतो, बाजारला जातो. फक्त कधीमधी ओसरीवर बसल्या बसल्या एकदम विचारतो, "अक्का, किती वेळ रुको म्हणला होता गं त्यो?"

मी म्हणते, "चहा पी गुमान."

तर बाबांनो, नुसतं इथं खाली लिहू नका की अक्का, एकदा यायचंय. ताडकळसला एसटी येते. सोमवारी या, मंगळवारी या, पण लवकर या. बापूला माणसं लय आवडतात.