जहागीरदाराचा खुनी बदलला कुणी?

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मी भर सभेत स्वतःची जी शोभा करून घेतली, ती ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या पांढऱ्या शर्टाचं एकदा वाटोळं झालेलं आहे.

तेव्हा आपलं शहर औरंगाबाद होतं आणि मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे काय, तर तयार झालेला माल ड्रॉइंगशी ताडून बघायचा. केसभर फरक निघाला की लाल ठिपका. रिजेक्ट! ही सवय अंगात भिनते हो. पोळी गोल नसली तरी माझा हात खिशातल्या पट्टीकडं जायचा. बायको म्हणायची, ही पोळी आहे, खायची असते, पास करायची नसते.

अशा माणसापुढं टीव्हीवर एक मालिका आली. जुन्या, गाजलेल्या मराठी गुप्तहेर कादंबरीवरून काढलेली. गावाबाहेरची हवेली, आतून कडी लावलेल्या खोलीत मरून पडलेला म्हातारा जहागीरदार आणि खुनी शोधायला आलेला चतुर गुप्तहेर. पहिला भाग संपायच्या आत मी उठून उभा राहिलो. अरे, ही तर आमच्या आत्याची कादंबरी!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, सोयगावची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्याकडं असायचो. दुपारी आम्ही बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या आणि तिनं समोर बसून कादंबरी वाचून दाखवायची, असा ठराव होता. खणाच्या कापडाचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक होतं तिचं. त्याला हात लावायची मात्र सक्त मनाई, कारण आमचे हात मळके. पण वाचायची काय! जहागीरदार मेला त्या दुपारी आम्ही धास्तीनं निम्मं बियाणं खाऊन टाकलं होतं.

त्यामुळं ती कादंबरी मला तोंडपाठ. आणि मालिकेत काय दाखवत होते? आत्याच्या कादंबरीतला गुप्तहेर हवेलीत आला की आधी हातपाय धुवायचा, मग ठेचा-भाकरी खायचा आणि मगच प्रेताकडं वळायचा. उपाशीपोटी डोकं चालतं का कुणाचं? टीव्हीवरचा गडी आल्या आल्या सिगारेट पेटवून प्रेताभोवती फेऱ्या मारायला लागला. कादंबरीत पहिला सुगावा लागतो विहिरीवरच्या बायकांच्या बोलण्यातून. इथं म्हणे भिंगातून. रिजेक्ट!

दर आठवड्याला निम्मी गल्ली आमच्याकडं टीव्ही बघायला जमायची. मालिका संपली की माझं प्रवचन सुरू. मूळ कादंबरीत काय होतं, यांनी काय बिघडवलं. लोक माना डोलवायचे आणि मला चेव चढायचा. शेवटच्या भागात तर कहर झाला. खुनी निघाला जहागीरदाराचा पुतण्या! छे हो! खुनी होता जहागीरदाराचा धाकटा भाऊ. सोन्याच्या दातवाला, वहिनीला पंचमीला माहेरी न पाठवणारा. तो दात आजही माझ्या डोळ्यांपुढं चमकतो.

"पण तुम्ही स्वतः वाचलीय का ती कादंबरी?" बायकोनं विचारलं.

"ऐकलीय. शब्दन् शब्द. वाचायची गरज काय?"

इथं गप्प बसलो असतो तर हा किस्सा झालाच नसता. पण मी तडक आमच्या वाचनालयात गेलो. तिथले अध्यक्ष एक वयस्कर वकीलसाहेब होते. त्यांच्याकडं हट्टच धरला, की वाचनालयानं निषेधाचा ठराव करून मुंबईला टीव्हीवाल्यांकडं पाठवावा. वकीलसाहेब म्हणाले, मालिका लिहिणारा पोरगा आपल्याच जिल्ह्यातला आहे, त्याचं हे पहिलं काम आहे, असा ठराव गेला तर त्याला दुसरं काम मिळायचं नाही. आधी त्याला बोलावू, समोरासमोर होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, होऊन जाऊ द्या!

पुरावा म्हणून आत्याला निरोप धाडला, की सभेला ये आणि ते पुस्तक आण. ती एस.टी.नं आली. पिशवीत तेच खणाच्या कव्हरचं पुस्तक बघून मला भरून आलं. मी हात पुढं केला, तर तिनं चापट मारली आणि म्हणाली, आधी हात धू. मी हात धुवून येईपर्यंत रिक्षा दारात.

सभेला गर्दी ही! पोरगा बिचारा मूळ कादंबरी छातीशी धरून बसला होता. मी उभा राहिलो आणि एकेक फरक काढून त्याला सोलून काढला. शेवटी तो चाचरत म्हणाला, "साहेब, ठेचा-भाकरी मला पुस्तकात कुठंच सापडली नाही. कोणत्या पानावर आहे?"

याचीच तर वाट बघत होतो. मी आत्याला खूण केली. तिनं पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं उघडलं, एकदा पुस्तकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग अगदी अदबीनं ते माझ्यापुढं धरलं. "साहेब, तुम्हीच वाचून दाखवा."

मी ऐटीत पुस्तक घेतलं. घसा साफ केला. आणि बघतो तर काय, सगळं उर्दू! अलिफ कुठला आणि बे कुठली, मला काय ठाऊक?

आता डोक्यात उजेड पडायला लागला. आमचे आजोबा निजामाच्या तहसील कचेरीत कारकून. आत्या शिकली ती त्या वेळच्या शाळेत, उर्दूतून. आमच्या वेळेपर्यंत पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं होतं आणि शाळा मराठी झाल्या होत्या. म्हणजे ही बाई दर दुपारी उर्दू बघत होती आणि आम्हाला मराठी सांगत होती. पानं उलटीकडून उलटायची, तेही आता आठवलं. मला वाटायचं, रहस्यकथा अशीच वाचत असतील.

वकीलसाहेबही त्याच जमान्यात शिकलेले. त्यांनी पुस्तक घेऊन आधी पहिलं पान वाचलं, मग शेवटचं, आणि जाहीर केलं, की ही कादंबरीच दुसरी आहे. यात जहागीरदार नाही, लखनौचा नवाब आहे. आणि खुनी पुतण्याही नाही, भाऊही नाही. खुनी आहे डॉक्टर.

सभा खो खो हसायला लागली. माझी अब्रू गेली ती गेली, पण आत्याला कुणी हसलं तर? तिला इथं मीच आणली होती. आत्या मात्र शांतपणे उठली.

"व्हय, डॉक्टरच हाय," ती म्हणाली. "पण ही पोरं डॉक्टर बघितला की माळ्यावर चढून बसायची. खून त्यानंच केला म्हणून सांगितलं असतं, तर तापात औषध कुणी घेतलं असतं? मंग मी तो खून दिरावर घातला."

"आणि सोन्याचा दात?" मी विचारलं.

"माझ्या दिराला होता की."

आता मात्र सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला आणि तो आत्यासाठी होता. माझा जीव भांड्यात पडला. पोरगा तिच्या पाया पडला. म्हणाला, मी इकडं-तिकडं जरा बदललं तर केवढा गहजब, तुम्ही तर खुनीच बदललात. वकीलसाहेबांनी ठरावाचा कागद मला वारा घ्यायला दिला. आणि सगळ्यांनी आग्रह धरला, की आत्या, आता तुमची कादंबरी होऊन जाऊ द्या.

आत्यानं पुस्तक मांडीवर घेतलं, उजवीकडून उघडलं आणि सुरुवात केली. तोच आवाज, तीच हवेली. सगळी सभा श्वास रोखून ऐकत होती आणि मी पुन्हा सोयगावच्या ओसरीवर जाऊन बसलो. गुप्तहेर हवेलीत आला. त्यानं हातपाय धुतले आणि पिठलं-भाकरी खायला बसला.

पिठलं?

काय सांगू, राहवलंच नाही. मी ताडकन उभा राहिलो. "आत्या, पिठलं नाही, ठेचा! मूळ कादंबरीत ठेचा आहे!"

आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तू वाचलीय का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग खाली बस," आत्या म्हणाली, "अन् शेंगा फोड."